सोन्या चावला, पण दुखणं होतं कानात

2019 चा ऑगस्ट बेळगावकर विसरणार नाहीत. आठवडाभर पावसानं उसंत म्हणून दिली नव्हती. नाले तुंबलेले, गावाकडचे रस्ते बंद, शाळांना सुट्टी आणि घरात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा कुबट वास. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या सोन्यानं माझ्या मुलाच्या हाताला दात लावला.

सोन्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. तेव्हा चार वर्षांचा होता. शेजारच्या मांजराची पिल्लं त्याच्या पाठीवर चढून झोपायची, दूधवाला त्याच्या डोक्यावर थोपटल्याशिवाय पुढच्या घरी जायचा नाही. इतका गरीब. त्या दिवशी मुलगा नेहमीसारखा त्याच्या गळ्यात पडला, त्याच्या गालाला गाल घासला आणि सोन्या गुरगुरून वळला. जखम म्हणावी तर ओरखडाच, पण रक्त आलं.

नळाखाली धरून, साबण लावून, घड्याळ लावल्यासारखी पंधरा मिनिटं हात धुतला. हळद नाही, चुना नाही. सोन्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली होती, तरी त्याच रात्री मुलाला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी सांगितली तेवढी इंजेक्शनं पूर्ण केली. घरचंच कुत्रं आहे, म्हणून हे टाळू नका. इंजेक्शन लागेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे.

रात्री जेवणं झाल्यावर बैठक बसली. आमचे हे म्हणाले, "एकदा दात लावलेलं कुत्रं, भरवसा कसा ठेवायचा? बैलहोंगलला शेतावर पाठवून देऊ." मुलगा रडायला लागला. मी गप्प. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली होती.

तेव्हा अत्ती बोलल्या. सासूबाईंना मी अत्तीच म्हणते. त्यांचा सगळा जन्म गाईम्हशींत गेलेला. त्या म्हणाल्या, "अदक्क किवी ब्यानी ऐती. चार दिवस बघतेय मी, पायरीला कान घासतंय ते. दुखतं तिथं हात लावला तर चावणार की."

मी चपापले. कारण ते मलाही दिसलं होतं आणि मी त्यावर इलाजही करून मोकळी झाले होते.

माझा घरगुती इलाज

पाऊस लागल्यापासून सोन्या सारखा डोकं झाडत होता. कानांचा फटफट आवाज रात्री झोपेतसुद्धा ऐकू यायचा. उजवा कान उचलून बघितला तर आत लालसर आणि आंबलेल्या पिठासारखा वास. लहानपणी खानापूरला आमचा कान दुखला की आई खोबरेलात लसणाची पाकळी कढवून कोमट तेल सोडायची. तेच मी सोन्याला केलं, दोन दिवस. आधी कापूस लावलेल्या काडीनं मळही काढायचा प्रयत्न केला. उतार पडेना, म्हणून कपाटात मुलाच्या कानाच्या थेंबांची अर्धी उरलेली बाटली होती, तीही घातली. औषध ते औषध, कानाचं ते कानाचं, एवढाच विचार. हे सगळं मी प्रेमानंच करत होते हो! आणि तो बिचारा निमूटपणे करून घेत होता, शेवटच्या दिवसापर्यंत.

दुसऱ्या दिवशी भर पावसात त्याला दनद दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कान बघायच्या आधीच विचारलं, "याव औषध हाकीरी?" कानाच्या बाहेरचा तेलकटपणा त्यांनी बरोबर ओळखला होता. मी खाली मान घालून सगळी यादी सांगितली. मग त्यांनी रागावणं बाजूला ठेवून मला कुत्र्याचा कान कसा असतो ते समजावलं. ते आधी माहीत असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, म्हणून तेच इथे सांगते.

आपल्या कानाचा बोळ आखूड आणि जवळजवळ सरळ असतो. कुत्र्याचा बोळ आधी खाली जातो आणि मग काटकोनात आत वळतो, मोरीच्या पाइपासारखा. पडदा असतो त्या वळणाच्याही पलीकडे. मोठ्या कुत्र्यात हा सगळा रस्ता तीन-चार इंचांचा भरू शकतो. म्हणजे आपण कान उचलून आत डोकावतो तेव्हा आपल्याला फक्त दाराची चौकट दिसते, घर दिसतच नाही. पाणी आत गेलं की वळणाशी थांबतं. लोंबत्या कानाचं झाकण वरून बसलेलं, त्यामुळे वारा लागत नाही. आत ऊब, ओल आणि मळ. आणि आपण काडी घातली की ठासणीच्या बंदुकीत दारू ठासावी तसा तो मळ खाली वळणात ठासला जातो.

गंमत म्हणजे निरोगी कान स्वतःला स्वतःच साफ ठेवतो. कानातली कातडी पडद्याकडून बाहेरच्या बाजूला हळूहळू सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. सूज आली, बोळ अरुंद झाला की हे काम बंद पडतं.

डॉक्टरांनी सोन्याच्या कानातला मळ बोळ्यावर घेतला, काचेच्या पट्टीवर फिरवला, रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवून मलाच बघायला बोलावलं. जांभळ्या रंगाचे, मध्ये आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखे ठिपके, शेकड्यांनी. ती मॅलासेझिया नावाची बुरशी. प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर ती थोडीफार असतेच, एरवी काही करत नाही. ओल आणि स्निग्ध पदार्थ मिळाले की माजते. मी खोबरेल घालून तिला जणू पंगतच वाढली होती.

ही पाच मिनिटांची तपासणी किती महत्त्वाची आहे हे मला तेव्हा कळलं. दुखणं वरून सारखंच दिसतं, कारणं निराळी असतात. बुरशीचा मळ बहुधा तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा. हिरवट-पिवळा पू आणि दुर्गंधी असेल तर जंतू. कॉफीच्या भुकटीसारखा कोरडा काळा चुरा दिसला, विशेषतः पिल्लाच्या कानात, तर माइट नावाचे बारीक किडे असण्याचा संभव. हे माइट मांजराकडून कुत्र्याला आणि कुत्र्याकडून मांजराला जातात. शेजारची मांजरं पाठीवर झोपतात म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी त्यांचीच चौकशी केली होती. माइट निघाले की घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकदमच औषध द्यावं लागतं आणि अंड्यापासून मोठा किडा व्हायला तीनेक आठवडे लागत असल्यानं तेवढे दिवस नेटानं. आता यातलं नुसत्या वासावरून घरी कसं ठरवणार? बुरशीला जंतूंचं औषध लागू पडत नाही आणि जंतूंना बुरशीचं.

सोन्याचा बोळ इतका सुजला होता की पडदा दिसेना. सूज उतरायला गोळ्या दिल्या. पाच दिवसांनी भूल देऊन कान आतून धुतला. तेव्हा दिसलं की पडद्याला भोक पडलं आहे. पडदा शाबूत आहे हे पाहिल्याशिवाय कानात काहीही घालू नये, ते याचसाठी. पडद्याच्या बाहेर निरुपद्रवी असलेली काही औषधं भोकातून आतल्या कानात उतरली तर ऐकणं आणि तोल दोन्हींना इजा करतात. माझ्या मुलाची बाटली मी डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि बाटली परत दिली नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग घरी करायचं तरी काय?

भरपूर काही, पण दुखणं येण्याच्या आधी.

पहिलं काम नाकाचं. आठवड्यातून एकदा कान उलटून बघायचा आणि चक्क वास घ्यायचा. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो, थोडासा मेणासारखा मळ असतो, वास जवळपास नसतोच. आमच्याकडे हे काम अत्तींकडे आहे. रविवारी सकाळी डोक्यावर पदर घेऊन, हातात चहाचा कप, आणि सोन्याचा कान नाकाशी! पाहुण्यांना आधी चमत्कारिक वाटतं. पण दुधाचं भांडं नासलंय की नाही हे वासावरून ओळखणाऱ्या बाईला कान कळायला कितीसा वेळ लागणार. दोन्ही कानांची तुलना करायची, हे त्यांनीच शोधून काढलं. एका कानाचा वास बदलला की लगेच समजतं.

दुसरं म्हणजे कोरडेपणा. आपल्या पावसात कुत्र्याला फिरवून आणलं की आपण त्याचे पाय पुसतो, कारण फरशी आपली असते. कान पुसत नाही. आता दाराशी एक जुनं सुती धोतर फाडून ठेवलेलं आहे. कानाची पाळी दोन्ही बाजूंनी आणि बोळाचं तोंड बोट पोचेल तेवढंच पुसायचं. अंघोळ घालताना कानात कापसाचा सैल बोळा ठेवायचा आणि आठवणीनं काढायचा. माझ्याकडून एकदा राहून गेला होता, तो सोन्यानंच डोकं झाडून बाहेर टाकला. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा कानात मारू नये.

तिसरं, धुणं. ज्याच्या कानात काही तक्रार नाही त्याचा कान दर आठवड्याला धुवायची गरज नसते. उगाच धुतल्यानं कातडी ओली राहून बिघडते. सोन्यासारखा एकदा आजारी पडलेला असेल तर डॉक्टर सांगतील त्या अंतरानं, कुत्र्यांसाठीच मिळणाऱ्या कान धुण्याच्या द्रावणानं धुवायचं. बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून गार मोडायची. कानाची पाळी वर धरून बोळ भरेल इतकं द्रावण सोडायचं, बाटलीचं टोक आत खुपसायचं नाही. मग पाळी न सोडता कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अर्धा मिनिट हलक्या हातानं चोळायचं. पचपच असा आवाज आला की समजावं, द्रावण वळणापर्यंत पोचलं. हात सोडला की कुत्रं डोकं झाडतं, तेव्हा आपण लांब उभं राहावं, नाहीतर भिंतीबरोबर आपणही रंगतो. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून पुसून घ्यायचा. काडी नको म्हणजे नकोच. शेवटी एक बिस्कीट. मी द्रावणाच्या बाटलीआधी बिस्किटाचा डबा उघडते, त्यामुळे हल्ली तो आपण होऊन येऊन बसतो.

कानात मुळीच घालू नये ते सांगते, कारण यातलं प्रत्येक कुणी ना कुणी मला सुचवलेलं आहे: तेल, लसूण, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, फिनेल, रॉकेल आणि हल्ली मागवता येणारं टी ट्री ऑइल. हे शेवटचं कुत्र्याला विषारी ठरू शकतं. लसूणसुद्धा कुत्र्याच्या पोटात गेली तर त्याच्या रक्ताला बाधते आणि कानातलं तेल पंजानं पुसून पंजा चाटणं हे तर त्याचं रोजचंच काम.

कान खूप दुखत असेल, कुत्रं हात लावू देत नसेल, तर घरी धुवायलाही जाऊ नका. ते सांगू शकत नाही, दात मात्र दाखवू शकतं. डोकं एका बाजूला कलतं ठेवत असेल, चालताना झोक जात असेल, गोल गोल फिरत असेल किंवा डोळे आपोआप डावी-उजवीकडे हलत असतील, तर दुखणं आत उतरलेलं असतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोकं झाडून झाडून कधी पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी उशीसारखी फुगते. ती सुईनं घरी फोडायची नाही. फुगा काढला तरी आत ज्यामुळे खाज आहे ते काढलं नाही तर पुन्हा भरतो.

आणि दिवाळीच्या सुमाराला व्हॅक्सिन डेपोकडे किंवा येळ्ळूरच्या बाजूला फिरायला नेत असाल तर कुसळांवर लक्ष ठेवा. कुसळ कानात शिरलं की आतच सरकत जातं. फिरून आल्याबरोबर कुत्रं अचानक पिसाटल्यासारखं एकच कान झाडायला लागलं, तर उद्यावर ढकलू नका.

शेतावरच्या कुत्र्यांचं

बैलहोंगलच्या घरी मुधोळ जातीची कुत्री आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी नावारूपाला आणलेली ही जात. 2005 साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं होतं. मुधोळचे कान पातळ, अंगावर केस तोकडे, त्यामुळे 'आमच्या कुत्रीला असलं शहरी दुखणं होत नाही' असं तिकडे ठामपणे सांगतात. बुरशीचा त्रास तिला खरंच कमी. पण तिच्या कानात गोचीड, म्हणजे अत्तींच्या भाषेत उण्णी, पाळीच्या घडीत आणि बोळाच्या तोंडाशी ओळीनं बसलेल्या असायच्या. गोचीड नुसती रक्त पीत नाही, गोचीडतापही देते. चिमट्यानं कातडीजवळ पकडून सरळ ओढायची, पिळायची नाही, चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. उदबत्तीचा चटका देण्याची पद्धत सोडून द्यावी. अंगावर सोडायचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा. कुत्र्याच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

दुसरा त्रास माश्यांचा. पावसाळ्यात माश्या कानाच्या टोकाला चावतात, तिथं खपली धरते, पुन्हा चावतात, आणि जखम उघडी राहिली की अळ्या पडतात. बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांत हे फार. दीरांनी एकदा अशा जखमेत डांबराच्या गोळ्यांची पूड भरली होती. कुत्री दोन दिवस अन्नाला शिवली नाही. अळ्या दिसल्या तर दवाखाना, दुसरं काही नाही. त्याआधी खपली दिसली की जखम रोज स्वच्छ ठेवणं, बसायची जागा झाडणं, शेणाच्या उकिरड्यापासून तिची साखळी लांब बांधणं, एवढं मात्र घरी होतं.

आता पुन्हा सोन्याकडे येते. त्याच्या कानात आठवडाभर औषध घातलं आणि वास गेला, खाज गेली. मला वाटलं, झालं बरं. मी दुसऱ्या तपासणीला नेलंच नाही. ही माझी दुसरी चूक. दिवाळीत फराळाच्या गडबडीत पुन्हा तोच फटफट आवाज. बाहेरून कान बरा दिसला तरी वळणापलीकडे बुरशी शिल्लक होती. थेंब कधी बंद करायचे हेही मायक्रोस्कोपनंच ठरवायचं असतं. दुसऱ्या खेपेला पाच आठवडे लागले.

तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं की हा पंजे चाटतो का, काखेत खाजवतो का. दोन्ही करत होता, आम्ही सवय समजत होतो. त्याला ॲलर्जी निघाली. पुन्हा पुन्हा कान बिघडणाऱ्या कुत्र्यांत मूळ कारण पुष्कळदा हेच असतं, कान म्हणजे शेवटी कातडीच. कधी खाण्याची ॲलर्जी असते, कधी धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, कधी परागांची. सोन्याची खाज जेवण बदलूनही गेली नाही, त्यामुळे पावसाच्या आधीपासून त्याला खाजेची गोळी सुरू होते. ती सुरू झाल्यापासून कान वर्षातून एखाद्या वेळीच कुरकुरतो, आणि अत्तींच्या नाकामुळे तो दोन दिवसांतच पकडला जातो.

पडद्याचं भोक भरून आलं. उजव्या कानानं मात्र त्याला पूर्वीसारखं ऐकू येत नाही. दुखण्यानं गेलं की मी घातलेल्या थेंबांनी, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, दोन्हींपैकी काहीही असेल, आता सांगता येणार नाही. हा प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारलेला नाही.

सोन्याचं तोंड आता पांढरं झालंय. उजवीकडून हाक मारली की तो डावीकडे वळून बघतो, कुणी दिसत नाही, मग सगळ्या बाजूंनी शोधतो. त्यामुळे घरात नियम झालाय की त्याला हाक मारायची ती समोर जाऊन, आणि झोपेत असेल तर आधी फरशीवर पाय आपटायचा म्हणजे दचकणार नाही. हा नियम मुलानंच केला. तो आता दहावीला आहे, अभ्यासाला बसतो तो नेहमी सोन्याच्या डाव्या बाजूला.